खड्ड्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई : सांगली-सातारा परिसरातील नागरिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खड्ड्यात दुचाकी आदळून हात मोडलेल्या, गाडीची रिम वाकलेल्या किंवा घरचे माणूस गमावलेल्या अनेकांनी गेल्या काही वर्षांत विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. यांतल्या बहुतेकांचा हक्क बुडाला तो कायदा नव्हता म्हणून नव्हे, तर कागद वेळेवर तयार झाला नाही आणि योग्य दारी गेला नाही म्हणून. त्यामुळे मुदत आणि पुरावा या दोन गोष्टींवर येथे अधिक भर दिला आहे.

खड्ड्यामुळे नुकसान झाले तर भरपाई मागण्याचा हक्क खरोखर आहे का?

आहे. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू होतो आणि सार्वजनिक रस्ते बांधणे व सुस्थितीत ठेवणे हे त्याच्या कलम ६३ नुसार महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. साताऱ्यासारख्या नगरपरिषदेला १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू होतो आणि तेथेही रस्त्यांची देखभाल ही अनिवार्य कर्तव्यांतच मोडते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्वतःहून दाखल करून घेतलेल्या जनहित याचिकेत याच्या पुढचे पाऊल टाकले. चांगल्या स्थितीतले रस्ते मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि तो डावलला गेल्यास नागरिक भरपाई मागू शकतो, असे न्यायालयाने या याचिकेत सांगितले. खिडकीवर बसलेल्या लिपिकाने ‘असे काही मिळत नसते’ असे सांगितले तरी अर्ज मागे घेऊ नये. अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

अपघात झाल्यावर पहिल्या काही तासांत काय करावे?

प्रथम जिवाची काळजी घ्यावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. मोटार वाहनाच्या वापरातून झालेल्या रस्ते अपघातातील जखमींना नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार देणारी केंद्र सरकारची योजना मे २०२५ पासून अमलात आहे, हेही रुग्णालयात ठामपणे सांगावे.

रुग्णालयात डॉक्टर ‘काय झाले’ असे विचारतात तेव्हा वेदनेच्या भरात बहुतेक जण ‘गाडीवरून पडलो’ एवढेच सांगतात आणि केसपेपरवर तेच लिहिले जाते. पुढे सहा महिन्यांनी समोरच्या पक्षाचे वकील तोच केसपेपर पुढे करतात आणि त्यात खड्ड्याचा उल्लेखच नसल्याचे दाखवून देतात. म्हणून रुग्ण बोलू शकत नसेल तर बरोबरच्या माणसाने ‘अमुक रस्त्यावरील खड्ड्यात गाडी आदळून पडले’ असे स्पष्ट सांगावे, तसेच लिहिले आहे का हे वाचून पाहावे आणि मेडिको-लीगल नोंद (पोलिसांना कळवायच्या इजेची रुग्णालयातील नोंद) करण्यास सांगावे.

दुसरे काम खड्ड्याचे. नातेवाईक किंवा मित्र यांपैकी कोणीतरी त्याच दिवशी, शक्य असल्यास उजेडात, जागेवर जावे, कारण तक्रार झाल्याची कुणकुण लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे मुरूम आणि खडी टाकलेली आढळते. छायाचित्रे तीन अंतरांवरून घ्यावीत. पहिले लांबून घ्यावे, ज्यात दुकानाची पाटी, विजेचा खांब किंवा चौकाचा फलक दिसेल. दुसरे मध्यम अंतरावरून, ज्यात खड्डा रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे ते कळेल. तिसरे अगदी जवळून, ज्यात मोजपट्टी आडवी आणि उभी ठेवलेली असेल. पाणी साचलेले असेल तर खोली दिसत नाही. अशा वेळी काठी बुडवून ओल्या भागाची खूण मोजपट्टीला लावून दाखवावी. मोजपट्टी हाताशी नसेल तर काडेपेटी किंवा पाण्याची बाटली ठेवली तरी आकाराचा अंदाज येतो.

ही छायाचित्रे व्हॉट्सअॅपवरून एकमेकांना पाठवून मूळ प्रत पुसून टाकण्याची चूक फार जण करतात. अशा पाठवणीत वेळ आणि ठिकाणाची मूळ माहिती निघून जाते. ज्या मोबाइलमध्ये छायाचित्र काढले, त्यातली मूळ फाइल तशीच ठेवावी, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावे लागते आणि ते मूळ साधनाशी जोडलेले असते.

शेजारच्या चहाच्या टपरीवर, पंक्चरच्या दुकानात किंवा पानपट्टीवर नक्की विचारावे. आदल्या आठवड्यात याच ठिकाणी आणखी कोण पडले, खड्डा किती दिवसांपासून आहे, हे त्यांना इतर कोणाहूनही जास्त ठाऊक असते. त्यांचे नाव, पत्ता आणि साक्ष देण्याची तयारी आहे का, हे त्याच दिवशी लिहून घ्यावे.

पोलिसांत नोंद करणे आवश्यक आहे का?

केवळ रिम वाकली असेल तर तशी सक्ती नाही, पण शारीरिक इजा झाली असेल तर नोंद करावीच. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद आणि घटनास्थळाचा पंचनामा हे दोन कागद पुढे सर्वात उपयोगी पडतात. पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली, रस्त्यावरचा उजेड, सूचनाफलक किंवा बॅरिकेड होते की नव्हते, हे लिहून घेण्याचा आग्रह धरावा. अनेकदा ‘चालकाने हयगयीने वाहन चालवून स्वतःस जखमी केले’ अशा ठरावीक शब्दांत नोंद होते आणि जखमी माणूसच आरोपी ठरतो. जबाबावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा, आणि रस्त्याच्या दुरवस्थेचा उल्लेख नसेल तर तो करून घेतल्याशिवाय सही करू नये. दखलपात्र गुन्ह्याची माहिती पोलीस ठाण्याने नोंदवून घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

रस्ता नेमका कोणाचा आहे हे कसे ओळखायचे?

सर्वाधिक अर्ज याच पायरीवर अडतात. शहराच्या हद्दीतला प्रत्येक रस्ता महानगरपालिकेचा किंवा नगरपरिषदेचा असतोच असे नाही. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग शहरातून जात असले तरी ते सहसा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे आणि औद्योगिक वसाहतीतले अंतर्गत रस्ते बऱ्याच ठिकाणी औद्योगिक विकास महामंडळाकडे असतात. पुणे-सातारा-कोल्हापूर हा महामार्ग क्रमांक ४८ आणि मिरजेजवळून जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग क्रमांक १६६ हे राष्ट्रीय महामार्ग आहेत. सांगलीहून माधवनगरकडे किंवा मिरजेहून अंकलीकडे गाडी हाकताना एका सलग रस्त्यावर मालकी कोठे बदलते, हे डोळ्यांना दिसत नाही. हद्दवाढ झालेल्या भागांत, उदाहरणार्थ साताऱ्याच्या शाहूपुरी-शाहूनगर परिसरात, जुन्या माहितीवर विसंबणे तर अधिकच धोक्याचे असते.

आमच्या घरातला एक अनुभव सांगणे येथे आवश्यक वाटते. माझ्या मेहुण्यांची दुचाकी एका पावसाळी संध्याकाळी खचलेल्या चरात अडकली आणि त्यांच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. ते शिवणकाम करतात, त्यामुळे दीड महिना मशीन बंद राहिले. पहिल्या कार्यालयाने ‘हा रस्ता दुसऱ्या विभागाकडे हस्तांतरित झाला आहे’ असे सांगितले, दुसऱ्याने ‘हस्तांतरणाचा कागद आमच्याकडे पोहोचलेला नाही’ असे लेखी दिले, आणि या फेऱ्यांत अडीच महिने गेले. तेव्हापासून ज्यांना ज्यांना सल्ला दिला, त्यांना एकच गोष्ट सांगत आलो आहे : शंका असेल तर ज्या ज्या यंत्रणांचा संबंध असू शकतो, त्या सर्वांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचा अर्ज द्यावा आणि प्रत्येकात इतरांना प्रत दिल्याचा उल्लेख करावा. मालकी कोणाची हे त्यांनी आपसात ठरवावे. जखमी माणसाने त्यासाठी हेलपाटे घालत बसू नये.

उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली भरपाई कोणती आणि ती कोणाला मिळते?

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच जनहित याचिकेत दिलेल्या आदेशानुसार, खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास मृताच्या वारसांना सहा लाख रुपये आणि जखमी झाल्यास इजेच्या स्वरूपानुसार पन्नास हजार ते अडीच लाख रुपये द्यावयाचे आहेत. रक्कम ठरवण्यासाठी समितीची रचनाही न्यायालयाने सांगितली आहे. महानगरपालिकेच्या बाबतीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, नगरपरिषदेच्या बाबतीत मुख्याधिकारी आणि तेच सचिव, अशी ती समिती असते. इतर यंत्रणांच्या रस्त्यांसाठीही याच धर्तीवर रचना आहे. अर्ज मिळाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत रक्कम द्यावयाची असून, विलंब झाल्यास संबंधित प्रमुख अधिकारी व्यक्तिशः जबाबदार धरले जातील आणि दरसाल नऊ टक्के व्याज द्यावे लागेल, असे आदेशात आहे. दिलेली रक्कम दोषी अधिकारी किंवा ठेकेदाराकडून वसूल करण्याचीही त्यात तरतूद आहे.

या आदेशाच्या दोन बाजू नीट समजून घ्याव्यात. पहिली म्हणजे ही भरपाई मृत्यू आणि शारीरिक इजा यांसाठी आहे, केवळ वाहनाच्या नुकसानीसाठी नाही. दुसरी म्हणजे ही रक्कम इतर कायदेशीर उपायांव्यतिरिक्त आहे. समितीकडून पन्नास हजार मिळाले म्हणून प्रत्यक्ष खर्च दोन लाख झालेल्या माणसाचा उरलेल्या रकमेसाठीचा दिवाणी हक्क संपत नाही. म्हणून रक्कम स्वीकारताना ‘यापुढे कोणतीही मागणी करणार नाही’ असा मजकूर पुढे केला गेला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नये.

समितीकडे अर्ज कसा करावा?

अर्ज साध्या कागदावर मराठीत लिहिला तरी चालतो. तो आयुक्त किंवा मुख्याधिकारी यांच्या नावे आवक विभागात द्यावा आणि एक प्रत जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात द्यावी. ही दुसरी प्रत अनेक जण देत नाहीत, पण माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे, कारण तेथे अर्ज एका न्यायिक अधिकाऱ्यासमोर येतो आणि तो फाइलीत दडपून राहण्याची शक्यता कमी होते. अपघाताची माहिती पोलीस ठाण्याने ४८ तासांच्या आत समितीला कळवावी आणि वर्तमानपत्रातील बातमीवरूनही समितीने स्वतःहून दखल घ्यावी, असे आदेशात म्हटले असले तरी त्यावर विसंबून घरी बसू नये.

सोबत केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे अहवाल, औषधांची व तपासण्यांची बिले, पंचनाम्याची प्रत, छायाचित्रे, वाहन चालवण्याचा परवाना, आणि मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला व वारसांचा तपशील जोडावा. मूळ कागद देऊ नयेत.

खड्डा होता आणि मी पडलो, एवढे सिद्ध केले की पुरते का?

दिवाणी न्यायालयात एवढ्याने भागतेच असे नाही. दिल्ली महानगरपालिकेच्या ताब्यातील चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये घटनाच निष्काळजीपणा सांगते असे मानून पालिकेला जबाबदार धरले. पुढे १९९७ मध्ये राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात रस्त्याकडेचे झाड पडून झालेल्या मृत्यूबद्दल मात्र, झाड धोकादायक असल्याची कल्पना पालिकेला होती असे दिसून येत नसल्याने, जबाबदारी नाकारली गेली. या दोन निकालांमधले अंतर ओलांडायचे असेल तर खड्डा यंत्रणेला ठाऊक होता किंवा ठाऊक असायला हवा होता, हे दाखवावे लागते.

आणि येथेच सामान्य माणसाची तक्रार उपयोगी पडते. अपघातापूर्वी तीन आठवडे आधी कोणा शेजाऱ्याने ‘आपले सरकार’ या राज्य शासनाच्या तक्रार संकेतस्थळावर किंवा प्रभाग कार्यालयात त्याच खड्ड्याची तक्रार केली असेल, तर तो टोकन क्रमांक दाव्यातला सर्वात मोलाचा कागद ठरतो. आपल्याला काही झालेले नसतानाही रोजच्या वाटेवरच्या खड्ड्याची लेखी तक्रार करून ठेवली, तर उद्या त्याच ठिकाणी पडणाऱ्या अनोळखी माणसाला तिचा आधार मिळतो. विश्रामबागेत किंवा पोवई नाक्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी हे काम मनावर घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अतिवृष्टीमुळे खड्डे पडले, आमचा दोष नाही, असे उत्तर आले तर?

हे उत्तर हमखास येते. सांगलीच्या बाबतीत ते अधिक आत्मविश्वासाने दिले जाते, कारण २०१९ आणि २०२१ चे महापूर सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत. महापुराचे पाणी ओसरल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हा बचाव समजण्यासारखा आहे. दरवर्षीच्या पावसाबद्दल मात्र तो टिकू नये. कृष्णाकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे वरच्या डांबराला भेगा जातात, भेगांतून पाणी खाली मुरते, खडीची पकड सुटते आणि वरून उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गेले की तुकडे उखडतात. ही प्रक्रिया येथील प्रत्येक अभियंत्याला पाठ आहे. पाण्याचा निचरा, बाजूची गटारे आणि पावसाळ्यापूर्वीची डागडुजी हे त्यावरचे उपायही ठाऊक आहेत. जे दरवर्षी घडणार हे माहीत आहे, त्याला आकस्मिक म्हणता येत नाही, असे उत्तर नोटिशीतच देऊन ठेवावे.

माझ्या फक्त गाडीचे नुकसान झाले आहे. मी काय करावे?

रक्कम किती आहे ते आधी पाहावे. दुचाकीची रिम सरळ करून टायर बदलण्याचा खर्च दोन-चार हजारांत भागत असेल, तर त्यासाठी दिवाणी दावा चालवणे परवडणारे नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तरीही लेखी मागणी जरूर करावी, कारण ती पुढच्या माणसासाठी पूर्वसूचनेचा पुरावा बनते. चारचाकीचे अलॉय व्हील फुटले, लोअर आर्म वाकला किंवा इंजिनाचे चेंबर फुटून तेल सांडले, तर खर्च बराच मोठा होतो आणि तेव्हा नोटीस देऊन पाठपुरावा करणे योग्य ठरते.

दुरुस्तीपूर्वी गाडीची छायाचित्रे घ्यावीत, गॅरेजमधून लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि दुरुस्तीनंतर जीएसटी क्रमांक असलेले बिल घ्यावे. ‘हे नुकसान खड्ड्यात जोरात आदळल्याने झालेले दिसते’ अशी एक ओळ मिस्त्रींकडून जॉब कार्डवर लिहून घेतली तर उत्तमच. बदललेले सुटे भाग भंगारात टाकू नयेत. वाकलेली रिम पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवून द्यावी.

विम्यातून भरपाई मिळते का?

केवळ तृतीय पक्ष विमा असेल तर स्वतःच्या गाडीचे नुकसान मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असेल तर मिळते, पण टायर-ट्यूबचे एकट्याचे नुकसान सर्वसाधारण पॉलिसीत धरले जात नाही. गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या निम्मी रक्कम मिळते. चेंबर फुटल्यावर गाडी तशीच पुढे हाकली आणि इंजिन जॅम झाले, तर ते नंतरचे नुकसान विमा कंपनी नाकारते, म्हणून गाडी जागेवरच बंद करून टोइंग बोलवावे. दावा केल्यास पुढील वर्षाची नो क्लेम बोनसची सवलत जाते, जी पहिल्या वर्षानंतर वीस टक्क्यांपासून पाच वर्षांनंतर पन्नास टक्क्यांपर्यंत असते. लहान खर्चासाठी हा हिशेब आधी मांडून पाहावा.

एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत. विम्याने न दिलेला भाग, म्हणजे कापून घेतलेली रक्कम, टायरचा निम्मा खर्च आणि बुडालेला बोनस, यांची मागणी मात्र रस्त्याच्या यंत्रणेकडे करता येते.

फारच थोड्या लोकांना माहीत असलेली एक गोष्ट अशी की, वाहनमालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी पंधरा लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेणे सक्तीचे आहे आणि ते बहुतेकांच्या पॉलिसीत असते. समोरून कोणी धडकलेले नसतानाही, एकट्याने खड्ड्यात पडून मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तरी ते लागू होते. चालकाकडे वैध परवाना असणे ही त्याची अट आहे. पतीच्या मृत्यूनंतर गाडीची पॉलिसी कपाटात पडून राहिली आणि वर्षभराने कोणीतरी सांगितल्यावर ती उघडली गेली, असे घडलेले मी पाहिले आहे. घरात असा प्रसंग आला असेल तर कृपया आजच ती पॉलिसी काढून पाहावी.

नोटीस आणि दावा यांची मुदत किती?

महानगरपालिकेविरुद्ध दिवाणी दावा लावण्यापूर्वी १९४९ च्या अधिनियमातील कलम ४८७ नुसार लेखी नोटीस मुख्य कार्यालयात पोहोचवून पूर्ण एक महिना थांबावे लागते आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. नगरपरिषदेच्या बाबतीत १९६५ च्या अधिनियमातील कलम ३०४ मध्ये अशीच तरतूद आहे. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर प्रतिवादी महाराष्ट्र शासन असते आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची नोटीस शासनाच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

प्लास्टर निघून, व्यायाम होऊन, माणूस कामाला लागेपर्यंत चार महिने सहज जातात, आणि मग ‘आता बघू’ म्हणत आणखी दोन जातात. म्हणून रस्ता कोणाचाही असो, सहा महिने हीच बाहेरची मर्यादा समजावी आणि नोटीस पहिल्या महिन्यातच द्यावी. उपचार चालू असतील तर ‘खर्चाचा अंतिम आकडा नंतर कळवण्यात येईल’ असे नमूद करता येते.

नोटिशीत काय लिहावे?

दावा लावल्यानंतर नोटिशीत नसलेले कारण पुढे करता येत नाही, त्यामुळे ती घाईने दोन ओळींत उरकू नये. मजकूर साधारण असा असावा :

‘मी, खाली सही करणार, दिनांक अमुक रोजी सायंकाळी सुमारे साडेसात वाजता अमुक चौकाकडून अमुक चौकाकडे दुचाकीने जात असताना, अमुक दुकानासमोर रस्त्याच्या डाव्या बाजूस सुमारे तीन फूट लांब, दोन फूट रुंद व सात इंच खोल असलेल्या आणि पाणी साचल्याने न दिसणाऱ्या खड्ड्यात वाहन आदळून पडलो. सदर ठिकाणी पथदिवा बंद होता व कोणताही सूचनाफलक नव्हता. सदर खड्ड्याबाबत दिनांक अमुक रोजी तक्रार क्रमांक अमुक अन्वये आपणास कळवण्यात आले होते. रस्ता सुस्थितीत ठेवण्याच्या आपल्या कर्तव्यात कसूर झाल्याने माझे खालीलप्रमाणे नुकसान झाले आहे.’

त्यानंतर रकमांचा तपशील, मागणी, मुदत आणि अर्जदाराचा पूर्ण पत्ता लिहावा. नोटीस हातोहात देऊन आवक क्रमांक घ्यावा आणि तीच प्रत पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही पाठवावी.

किती रक्कम मागावी?

उपचार, प्रवास, सोबत राहिलेल्या माणसाचा बुडालेला रोजगार, स्वतःची बुडालेली कमाई, पुढील उपचारांचा अंदाज, वाहन दुरुस्ती आणि वेदना व त्रास यांबद्दलची रक्कम, असे वेगवेगळे आकडे द्यावेत. पगारदाराला रजेचा दाखला मिळतो. मार्केट यार्डातल्या हमालाला, भाजी विकणाऱ्या मावशींना किंवा रिक्षाचालकाला तो मिळत नाही. त्यांनी मागील काही महिन्यांचे बँक खाते, यूपीआयच्या नोंदी, मुकादमाचे किंवा अडत्याचे पत्र, बचत गटाचे हप्ते भरल्याच्या पावत्या यांवरून कमाई दाखवावी. फुगवलेला आकडा टाळावा, कारण एक रक्कम खोटी ठरली की उरलेल्या खऱ्या रकमांवरचाही विश्वास उडतो.

माहिती अधिकाराचा उपयोग कसा करावा?

दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करता येतो. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांपर्यंत ठेवावा लागतो. विचारण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत : या रस्त्याचे शेवटचे डांबरीकरण केव्हा झाले, त्याचा कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत, दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत रस्त्याची दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते) केव्हा संपतो, मागील वर्षभरात या रस्त्यावरील खड्ड्यांबाबत किती तक्रारी आल्या आणि त्यांवर काय केले. ‘रस्ते खराब का आहेत’ असा प्रश्न विचारू नये, त्याचे उत्तर मिळत नाही. तीस दिवसांत माहिती आली नाही तर पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करावे. नोटिशीची मुदत मात्र या उत्तराची वाट पाहत थांबत नाही.

चर एखाद्या ठेकेदाराने खोदलेला असेल तर?

भुयारी गटार, जलवाहिनी, केबल किंवा गॅसवाहिनीसाठी खोदून मातीने वरवर बुजवलेले चर पहिल्या पावसात खचतात. अशा वेळी ठेकेदार, ज्याने काम दिले ती यंत्रणा आणि खोदाईची परवानगी देणारी रस्त्याची मालक यंत्रणा, या तिघांनाही नोटीस द्यावी. दोषदायित्व कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. पण हा ठेकेदार आणि काम देणारी यंत्रणा या दोघांमधला करार आहे, आणि तो दाखवून नागरिकाला ठेकेदाराकडे पिटाळता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १९८अ नुसार, रस्त्याच्या देखभालीचे निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड पीडिताला मिळत नाही, तरी तक्रारीत या कलमाचा उल्लेख करावा.

टोल भरलेल्या महामार्गावर अपघात झाला तर वेगळे काही आहे का?

आहे. आनेवाडी किंवा तासवडे येथे टोल भरून जाणारा प्रवासी पैसे मोजून सेवा घेत असतो, त्यामुळे ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार करण्याचा मार्ग त्याला खुला होतो. महानगरपालिकेचा कर भरणाऱ्या नागरिकाला या मार्गावर सहसा ग्राहक मानले जात नाही. फास्टॅगची नोंद हाच टोल भरल्याचा पुरावा असल्याने तिचा संदेश जपावा. महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे आणि त्यावर केलेल्या तक्रारीची वेळ नोंदली जाते. खड्डेमय रस्त्यासाठी प्रवाशांना टोल भरायला लावणे योग्य नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केरळमधील पलियेक्कारा टोलनाक्याच्या प्रकरणात उचलून धरली आहे.

मी हेल्मेट घातले नव्हते. माझा हक्क जातो का?

हक्क जात नाही, रक्कम कमी होऊ शकते. डोक्याला मार लागला असेल तर हेल्मेट नसण्याचा मुद्दा गंभीर ठरतो. पाय मोडला असेल तर त्याचा फारसा संबंध राहत नाही. तिघे बसलेले असणे, मद्यप्राशन आणि परवाना नसणे या गोष्टी मात्र दाव्याला फार मोठा धक्का देतात. खरे काय ते वकिलाला पहिल्याच दिवशी सांगावे.

वकील परवडत नाही.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. तालुक्याच्या न्यायालयातही विधी सेवा समिती असते, त्यामुळे जत, आटपाडी किंवा पाटणच्या माणसाला यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी येण्याची गरज नाही.

समितीने अर्ज फेटाळला किंवा उत्तरच दिले नाही तर?

प्रथम आठ आठवडे उलटल्यावर स्मरणपत्र द्यावे आणि त्यात व्याजाच्या तरतुदीचा उल्लेख करावा. त्यानंतर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागत असे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. दिवाणी दाव्याची सहा महिन्यांची मुदत या दरम्यान संपत आली असेल, तर समितीच्या निर्णयाची वाट न पाहता दावा दाखल करून ठेवावा.

दरम्यान खड्डा बुजवला गेला. आता दावा करता येईल का?

करता येईल. अपघाताच्या दिवशी रस्ता कसा होता, हाच प्रश्न असतो. उलट, बुजवलेल्या जागेचेही छायाचित्र घ्यावे, कारण नव्या डांबराचा काळा चौकोन जुन्या खड्ड्याची जागा आणि आकार दोन्ही दाखवतो. हे काम कोणत्या तारखेला, कोणाच्या आदेशाने आणि कोणत्या तक्रारीवरून झाले, हे माहिती अधिकारात विचारावे. त्या उत्तरावर ज्या कार्यालयाचा शिक्का असेल, रस्ता आपला नाही असे त्या कार्यालयाला पुन्हा म्हणता येत नाही.